पडद्यावरचे कल्पित पदार्थ : कधी न चाखलेले, तरीही आठवणारे

पाटपाणी (धागालेखिका)

चार्ली चॅप्लिन यांच्या १९२५ सालच्या 'द गोल्ड रश' या मूकपटात सोन्याच्या शोधात निघालेले दोन गडी हिमवादळामुळे एका झोपडीत अडकतात. थँक्सगिव्हिंगचा सण असतो आणि घरात शिजवण्याजोगे काहीच नसते, म्हणून चार्ली स्वतःच्या पायातला एक बूट पातेल्यात उकळतो. तो बूट ताटात काढतो, त्यावर पातेल्यातले पाणी रश्शासारखे ओततो आणि सुरीने वरचे कातडे तळापासून नीट सोडवतो. खिळ्यांचा तळ वाट्याला आलेला धिप्पाड सोबती ताटांची अदलाबदल करतो. मग चार्ली बुटाची नाडी काट्याभोवती शेवयांसारखी गुंडाळून खातो आणि तळाचे खिळे कोंबडीच्या हाडांसारखे एकेक करून चोखतो. चित्रीकरणासाठी तो बूट लिकोराइसच्या मिठाईचा, म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाच्या अर्कापासून होणाऱ्या काळ्या मिठाईचा केला होता, हे मला पुष्कळ नंतर कळले. पण हे कळल्यानंतरही तो प्रसंग पाहताना मला तिथे मिठाई दिसत नाही, बूटच दिसतो.

हा धागा अशा पदार्थांसाठी आहे. चित्रपटांत आणि मालिकांत आपण जेवणाचे असंख्य प्रसंग पाहतो, पण त्यातले बहुतेक पदार्थ खरे असतात आणि ते पाहून आपल्याला भूक लागते, इतकेच. मला त्यांच्याविषयी बोलायचे नाही. जो पदार्थ जगात नाही, किंवा आहे पण पडद्यावर त्याला जे सामर्थ्य वा जी जागा मिळाली ती प्रत्यक्षात कधीच मिळणार नाही, असा पदार्थ आपल्या मनात वर्षानुवर्षे का राहतो, हा माझा प्रश्न आहे. चव हे त्याचे कारण असू शकत नाही, कारण ती आपण घेतलेलीच नाही.

माझे मत प्रथम मांडते. असा पदार्थ लक्षात राहतो तो त्याच्यापुढे बसलेल्या माणसाच्या भुकेमुळे. भूक खरी वाटली की पदार्थ कितीही अशक्य असला तरी आपण तो मान्य करतो. चॅप्लिन यांना हा प्रसंग सुचला तो सिएरा नेवाडा पर्वतात १८४६-४७च्या हिवाळ्यात अडकलेल्या स्थलांतरितांच्या हकिकतीवरून. त्या माणसांनी भुकेपोटी पायातले चामड्याचे जोडे भाजून खाल्ले होते. ती भूक मुळाशी आहे म्हणून चार्लीच्या बुटाला हसताना घशात काहीतरी अडकते.

तुमच्या आठवणीतला पदार्थ कोणता, आणि तो का राहिला, हे सविस्तर लिहावे ही विनंती. नुसती यादी नको.

चित्रफीत

धागा उत्तम आहे, परंतु आपल्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. आपण कारागिरीचे श्रेय भुकेला देत आहात, असे मला वाटते. पडद्यावर पदार्थ सिद्ध करणे हे फार कष्टाचे काम आहे. १९७१च्या 'विली वोंका अँड द चॉकलेट फॅक्टरी' या चित्रपटातील चॉकलेटची नदी घ्या. पाणी, चॉकलेट आणि साय यांच्या मिश्रणाने तो प्रवाह तयार केला होता आणि दिव्यांच्या उष्णतेत काही दिवसांनी ते सगळे नासून त्याला दुर्गंधी येऊ लागली. पडद्यावर मात्र एक जाडजूड मुलगा त्या नदीच्या काठी पालथा पडून ओंजळीने चॉकलेट पितो, तेव्हा पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच्या जागी असावेसे वाटते. त्या मुलाला भूक मुळीच नव्हती. त्याला हाव होती.

त्याच चित्रपटातले मला अधिक आवडणारे उदाहरण म्हणजे तीन वाढपांच्या जेवणाचा च्युइंग गम. व्हायोलेट नावाची मुलगी तो चघळू लागते आणि तिच्या तोंडात प्रथम टोमॅटोचे सार येते, मग भाजलेले मांस आणि बटाटा, आणि शेवटी ब्लूबेरी पाय, म्हणजे फळांचे सारण भरून भाजलेले गोड पक्वान्न. ती चव सांगत जाते आणि आपण तिच्या जबड्याकडे पाहत राहतो. पडद्यावर पदार्थ म्हणून काहीही नाही. आहे ते एका मुलीचे चघळणे आणि तिचे वर्णन. गोडाच्या पायरीवर प्रयोग फसतो आणि ती मुलगी निळी होत होत टम्म फुगते. भूक हा निकष लावला तर हा पदार्थ आपल्या धाग्यात बसणार नाही, आणि तो बसला नाही तर धागा अपुरा राहील.

भाग्यनगरकर

आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या हैदराबादेत गेल्या. त्यामुळे या विषयावर माझ्यापुढे एकच चित्र उभे राहते, ते १९५७च्या तेलुगू 'मायाबझार'मधील घटोत्कचाचे. शेजारच्या तेलुगू कुटुंबाकडे दूरचित्रवाणीवर हा चित्रपट लागला की आम्हा मुलांना हाक येई, आणि भोजनाचे गाणे सुरू होण्याआधी त्या घरातील आजी न चुकता आम्हा सर्वांच्या हातात काहीतरी खायला ठेवीत. ते गाणे रिकाम्या हाताने पाहू नये, असा त्यांचा दंडक होता.

कथा महाराष्ट्राला परकी नाही. बलरामाची कन्या, जिला आपण वत्सला किंवा सुरेखा म्हणतो आणि तेलुगूत शशिरेखा म्हणतात, तिचा विवाह दुर्योधनाच्या मुलाशी ठरतो आणि अभिमन्यूसाठी घटोत्कच तो मोडतो. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात १९२१ साली 'सुरेखा हरण' हा मूकपट केला तो याच कथेवर, आणि त्यात कृष्णाची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. के. व्ही. रेड्डी यांच्या तेलुगू चित्रपटात मात्र या कथेचा आत्मा भोजनात उतरला आहे. घटोत्कच आणि त्याचे साथीदार मायेने एक नगरी उभी करतात, वरपक्षासाठी पक्वान्नांची आरास मांडली जाते आणि पाहुणे येण्यापूर्वी घटोत्कच स्वतःच त्यावर तुटून पडतो. एस. व्ही. रंगाराव यांचा तो अवाढव्य देह, गदा बाजूला ठेवून मांडी ठोकून बसण्याची ती ऐट आणि लाडू आपण होऊन त्यांच्या मुखाकडे धाव घेतात तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. संगणकाचा लवलेश नसलेल्या काळात छायाचित्रणकार मार्कस बार्टली यांनी ही किमया केवळ कॅमेऱ्याच्या बळावर साधली.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. गाण्यात ज्यांची नावे येतात ते पदार्थ खरे आहेत : गारेलु म्हणजे उडदाचे वडे; बूरेलु म्हणजे पुरणाचे गोळे पिठात बुडवून तळलेले, आपल्या दक्षिण कोकणातील सुकरुंड्यांचे भाऊबंद; अरिसेलु म्हणजे अनारशाच्या कुळातील तांदूळ-गुळाचा पदार्थ; पुलिहोरा म्हणजे चिंचेचा भात. पण ती पंगत मायेची आहे आणि जेवणाराही मायावी आहे. खरा पदार्थ कल्पित ठिकाणी ठेवला की तोही कल्पित होतो, असे मला वाटते. त्या आजींच्या घरचे बूरेलु मी शेकडो वेळा खाल्ले असतील, परंतु घटोत्कचाच्या पानातले बूरेलु ते नव्हेत. तिथे मला भूक दिसत नाही; आनंद दिसतो. म्हणून माझे मत आपल्या मताच्या उलट आहे असे समजावे.

सागरपार

भाग्यनगरकर यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहिते. मी कॅलिफोर्नियात राहते आणि १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधील निळे दूध मी प्रत्यक्ष प्यायले आहे. २०१९पासून ते येथील एका करमणूक उद्यानात मिळते. नारळाच्या आणि तांदळाच्या दुधापासून केलेले ते पेय अर्धवट गोठवलेले असते आणि त्याला फळांची चव असते. माझी मुले खूष झाली. मी मात्र पेला हातात घेऊन बराच वेळ विचार करत राहिले की मला नेमके काय हवे होते.

घरी येऊन तो प्रसंग पुन्हा पाहिला तेव्हा उत्तर सापडले. वाळवंटी ग्रहावरचे एक शेत आहे, आणि ते शेत धान्याचे नसून हवेतील ओलावा गोळा करण्याचे आहे. पाणीच जिथे पीक आहे तिथे दूध किती मोलाचे असेल! काकू ते निळे दूध भांड्यात ओततात. जेवणाच्या मेजावर तरुण ल्यूक काकांकडे शिक्षणासाठी जाण्याची परवानगी मागतो आणि काका आणखी एक हंगाम थांबायला सांगतात. तो जेवण अर्धवट टाकून बाहेर पडतो आणि मावळणाऱ्या दोन सूर्यांकडे पाहत उभा राहतो. पुढे ते घर जळते आणि काका-काकू मारले जातात. म्हणजे ते निळे दूध त्या घरातील अखेरच्या जेवणांपैकी एकाचे आहे. त्याविषयी कुणी एक शब्दही बोलत नाही. ते निळे का आहे हे कुणी सांगत नाही, कारण त्या घरात ते रोजचेच आहे. उद्यानातील पेल्यात ते रोजचेपण नव्हते, आणि मला तेच हवे होते.

शिक्षणासाठी घर सोडून आलेल्या आमच्या पिढीला तो मेजावरचा वाद फार जवळचा आहे. 'एवढे वर्ष थांब' हे वाक्य मीही ऐकले होते. त्या रात्रीचे पिठले माझ्याही ताटात तसेच राहिले होते.

कोजागरी

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि आमच्या घरात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे : 'डोरेमॉन'मधील मेमरी ब्रेड. हिंदीत डब केलेल्या या जपानी मालिकेमुळे महाराष्ट्रातील लहान मुलांच्या एका संपूर्ण पिढीला तो ठाऊक आहे. पावाचा तुकडा पुस्तकाच्या पानावर दाबायचा. पानावरील मजकूर त्यावर उमटतो. तो तुकडा खाल्ला की मजकूर पाठ होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री नोबिता पोटात मावेनात इतके तुकडे खातो, त्याचे पोट बिघडते आणि शौचालयात जाऊन आल्यावर सगळे पाठांतर नाहीसे झालेले असते.

मला हा पदार्थ अप्रतिम वाटतो, आणि त्याचे कारण तो पाव नसून पोट आहे. इतर कोणत्याही कथेत जादूचे पुस्तक किंवा जादूची लेखणी आली असती. येथे ज्ञान खायचे आहे, म्हणून त्याला शरीराचे नियम लागू होतात : मावेल तितकेच खाता येते, आणि खाल्लेले बाहेरही पडते. माझ्या मुलाने एकदा पोळी पाढ्यांच्या पुस्तकावर दाबून पाहिली. पुस्तकाला तूप लागले म्हणून मी रागावले नाही, कारण सतराचा पाढा पाठ करण्याची धास्ती मलाही आठवत होती. पाटपाणी ताई, ही भूक पोटाची नाही, भीतीची आहे. आपल्या निकषात ती बसते का?

पाटपाणी (धागालेखिका)

बसते, आणि त्यासाठी मला माझा निकष रुंद करावा लागेल, हे मी मान्य करते. चित्रफीत यांची हाव, भाग्यनगरकर यांचा आनंद, सागरपार यांचे घर आणि कोजागरी यांची धास्ती हे सगळे मिळून 'भूक' या शब्दाबाहेर जाते.

एक गोष्ट मात्र तुमच्या उदाहरणांवरून माझ्या लक्षात आली. च्युइंग गम गोडापाशी फसतो. पाव पोटात टिकला तरच उपयोगाचा. आपल्याकडच्या द्रौपदीच्या थाळीलाही अट होतीच : द्रौपदीचे जेवण होईपर्यंतच ती अन्न देत असे. ती जेवून थाळी घासून ठेवते आणि मग दुर्वास शिष्यांसह येतात, म्हणून तर त्या कथेत प्राण येतो आणि कृष्णाला थाळीला चिकटलेले भाजीचे पान शोधावे लागते. थाळी कधीच रिती होत नसती, तर ती कथा कुणी सांगितली असती?

याच्या उलट उदाहरण म्हणून मी 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'मधील प्रतिकृती-यंत्राचा विचार करते. १९८७पासूनच्या या अंतराळयानावरच्या मालिकेत भिंतीतल्या कोनाड्यापुढे उभे राहून पदार्थाचे नाव उच्चारले की तो तिथे प्रकट होतो. कशालाही मर्यादा नाही. एवढे सामर्थ्य असूनही त्या यंत्रातून आलेला एकच पदार्थ सर्वांच्या लक्षात राहिला, तो म्हणजे कप्तान पिकार्ड यांचा अर्ल ग्रे चहा, आणि तोही त्यांच्या मागण्याच्या ठरलेल्या पद्धतीमुळे. विश्वातले काहीही मागता येत असताना एक माणूस रोज तोच चहा मागतो, यात त्या माणसाचा स्वभाव कळतो. यंत्राने दिलेले इतर शेकडो पदार्थ आपण विसरलो, कारण ते मिळवण्यासाठी कुणाला काहीच द्यावे लागले नव्हते.

तेव्हा मी माझे मत असे बदलते : कल्पित पदार्थाला अट असावी लागते. ती अट भुकेची असेल, पोटाची असेल, किंवा घर सोडून जाण्याची असेल.

तिफण

'स्टार ट्रेक'चा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी कृषी पदवीधर आहे आणि गव्हाची शेती करतो. आधीच्या मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेत, १९६७ साली प्रथम दाखवलेल्या ट्रिबल नावाच्या गुबगुबीत जिवांच्या भागात एक कल्पित धान्य आहे, त्याची कुणी दखल घेत नाही याचे मला वाईट वाटते. धान्याचे नाव क्वाड्रोट्रिटिकेल. एका वादग्रस्त ग्रहावर पृथ्वीवरचे हे एकच धान्य उगवू शकते, म्हणून त्याची कोठारे जिवापाड जपायची आहेत, असा तो पेच आहे. ट्रिबल त्या कोठारात शिरतात, धान्य फस्त करतात आणि पटापट मरू लागतात, तेव्हा धान्यात विष कालवले होते हे उघड होते.

यातील ट्रिटिकेल हे धान्य खरे आहे. गहू आणि राय (आपली मोहरी-राई नव्हे, थंड प्रदेशातील तृणधान्य) यांच्या संकरातून ते एकोणिसाव्या शतकात प्रथम साधले गेले. गव्हाचे उत्पन्न आणि रायचा काटकपणा एकाच ओंबीत आणण्याचा तो प्रयत्न होता. गव्हाच्या फुलावर रायचे पराग घेतले तर होणारे रोप बहुधा वांझ निघते. त्याची गुणसूत्रे दुप्पट केल्यावर ते बी धरू लागते, आणि हे तंत्र हाती यायला विसावे शतक उजाडले. मालिकेच्या लेखकाने त्या नावापुढे 'क्वाड्रो' एवढीच भर घातली आणि चार पाकळ्यांचा दाणा कल्पिला. पडद्यावरील कल्पित अन्नात शिजलेले, ताटात आलेले पदार्थ पुष्कळ आहेत. पेरायचे बियाणे फार थोडे आहे. कोठार उघडल्यावर कप्तान कर्क यांच्या अंगावर धान्याऐवजी ट्रिबलांची रास कोसळते तेव्हा बाकीचे हसतात. मला मात्र साठवणीत कीड लागलेले पोते उघडल्यासारखे होते. तुमची अटीची गोष्ट मला पटते. शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक दाण्याला अट असतेच.

चित्रफीत

एक अवांतर नोंद, पण विषयाला धरून आहे. 'फ्रेंड्स' या मालिकेच्या १९९९मधील एका भागात रेचेल इंग्लिश ट्रायफल हे थरांचे गोड पक्वान्न करते आणि पाककृतीच्या पुस्तकाची दोन पाने चिकटल्यामुळे तिच्या हातून केक, मुरांबा, कस्टर्ड आणि रासबेरी यांच्यावर मटार-कांदा घालून परतलेल्या गोमांसाचा थर दिला जातो, त्यावर पुन्हा कस्टर्ड, केळी आणि फेटलेली साय. या धाग्यातील इतर पदार्थांपेक्षा तो वेगळा आहे, कारण तो कुणालाही घरी करता येईल. तो कल्पित राहिला आहे तो केवळ कुणी करू नये म्हणून. आणि त्याची अट सौजन्याची आहे : रेचेलला तिची चूक न सांगता बाकीचे तो आवडल्याचे दाखवतात. जोई मात्र खरोखर आवडीने खातो, आणि त्याच्या त्या तृप्त चेहऱ्यामुळेच तो प्रसंग माझ्या लक्षात राहिला. पाटपाणी, मी आपल्या बाजूला थोडा सरकलो आहे.

उंबरठा

मी या संकेतस्थळावर बहुधा वाचनच करतो. या धाग्यावर मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१९७३ साली 'सॉयलेंट ग्रीन' नावाचा अमेरिकी चित्रपट आला. त्यातील काळ २०२२चा आहे आणि न्यूयॉर्कची लोकसंख्या चार कोटी झाली आहे. भाजी, फळे, मांस हे केवळ अतिश्रीमंतांच्या घरी उरले आहे. बाकी जनता सॉयलेंट नावाच्या वड्यांवर जगते. लाल, पिवळ्या, आणि नव्याने आलेल्या हिरव्या. हिरव्या वड्या मंगळवारी वाटल्या जातात आणि त्या संपल्या की दंगल होते. त्या हिरव्या वड्या कशापासून करतात हे चित्रपटाच्या शेवटी कळते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी मी ते लिहीत नाही. हॅरी हॅरिसन यांच्या ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला आहे तिच्यात ते रहस्य नाहीच. तिथे हा शब्द सोयाबीन आणि मसूर यांच्या इंग्रजी नावांवरून आलेला आहे.

हा चित्रपट मी महाविद्यालयात असताना वसतिगृहात पाहिला. बरोबरचे मित्र शेवटच्या धक्क्याविषयी बोलत राहिले. मी वड्यांच्या रांगेविषयी विचार करीत होतो, कारण १९७३ हे साल मला दुसऱ्या एका गोष्टीसाठी ठाऊक होते. माझी आई माण तालुक्यातली. १९७२-७३च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती आणि आजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. त्या वेळी कामावर सुकडी, म्हणजे मजुरांना वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ मिळे, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी. आपल्या शाळूच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांना ती लाल भाकरी घशाखाली उतरत नसे, तरी तिच्यावरच घरे तगली. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेत लोक चित्रपटगृहात बसून वाटपाच्या वड्यांची रांग पाहत होते, त्याच वर्षी त्यांच्याच देशातून आलेल्या धान्यासाठी माझी आजी रांगेत उभी होती. त्या चित्रपटाला हे ठाऊक नव्हते, आणि माझ्या आजीलाही तो चित्रपट ठाऊक नव्हता.

म्हणून मला कल्पित पदार्थाची व्याख्या करणे अवघड जाते. २०१३च्या 'स्नोपियर्सर'मध्ये आगगाडीच्या शेवटच्या डब्यांतील गरिबांना काळ्या लिबलिबीत वड्या वाटतात आणि त्या कीटकांच्या असतात, हे कळल्यावर प्रेक्षक शहारतात. मी शहारत नाही. मला त्या वड्या हातात घेणाऱ्यांच्या हातांकडे पाहायचे असते.

पाटपाणी (धागालेखिका)

उंबरठा, तुमचा प्रतिसाद मी दोन वेळा वाचला आणि काल रात्री 'सॉयलेंट ग्रीन' पुन्हा पाहिला. या वेळी मी वड्यांकडे पाहिलेच नाही. त्यात पोलीस अधिकारी थॉर्न आणि त्याच्याबरोबर राहणारा वृद्ध सोल यांचे एक जेवण आहे. थॉर्नने एका श्रीमंताच्या घरातून आणलेले गोमांस पाहून सोलला रडू येते. तो स्वतः स्वयंपाक करतो, मेज मांडतो आणि ज्या तरुणाने खरे अन्न कधी पाहिलेच नाही त्याला ते कसे खायचे ते खाऊन दाखवतो. पान, मांस, शेवटी सफरचंद. दोघे जवळजवळ काही बोलत नाहीत. सोलची भूमिका करणारे एडवर्ड जी. रॉबिन्सन यांचा हा अखेरचा चित्रपट. तो पूर्ण झाल्यावर थोड्याच दिवसांत ते वारले.

आणखी एक लहानसा प्रसंग आहे. थॉर्न तपासाच्या ओघात एक वापरलेला चमचा घेऊन येतो. सोल तो चाटतो आणि त्याला कळते की ही स्ट्रॉबेरी आहे. दीडशे डॉलरला एक बरणी मिळते ती स्ट्रॉबेरी. पडद्यावर बरणी नसते, फळ नसते. एका म्हाताऱ्याची जीभ आणि चमच्याला राहिलेला ओशट लाल थर, एवढेच. आपल्यासाठी स्ट्रॉबेरी हा खरा पदार्थ आहे, महाबळेश्वरच्या रस्त्यावर टोपल्यांनी मिळणारा. त्या खोलीत मात्र तो सर्वांत कल्पित पदार्थ होतो. मी भाग्यनगरकर यांचे वाक्य आता मान्य करते : खरा पदार्थ कल्पित ठिकाणी ठेवला की तोही कल्पित होतो.

एक विनंती आहे, आणि ती अस्थानी वाटली तर सोडून द्यावी. सुकडीची चव कशी होती, हे आपल्या आईंना विचाराल का?

भाग्यनगरकर

माझीही तीच विनंती आहे. घटोत्कचाच्या पंगतीविषयी आनंदाने लिहिल्यानंतर उंबरठा यांचा प्रतिसाद वाचला आणि एक गोष्ट प्रथमच जाणवली. ते भोजन आमच्या शेजारच्या आजींना इतके प्रिय का होते आणि ते पाहताना मुलांचे हात रिकामे असलेले त्यांना का चालत नसे, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आता विचारायला त्या नाहीत.

उंबरठा

आईला विचारले. रविवारी गावी गेलो होतो.

चवीविषयी ती फारसे सांगू शकली नाही. गोडसर होती, कोरडी होती, घशात बसायची, पाणी लागायचे, इतकेच म्हणाली. मात्र सुकडी कशात आणायची, ते तिने नीट सांगितले. कामावर मिळालेली सगळी सुकडी तिथेच खायची नाही, असा आजीचा नियम होता. अर्धी खायची आणि अर्धी फडक्यात बांधून घरी न्यायची, कारण घरी दोन लहान भावंडे होती. वाटेत मूठ उघडून पाहायची नाही. आईने एकदा पाहिली होती आणि चार दाणे तोंडात टाकले होते. ते तिने मला या वयात पहिल्यांदा सांगितले.

मग मी भ्रमणध्वनीवर तिला तो चमच्याचा प्रसंग दाखवला आणि त्यामागोमाग मांस पाहून सोल रडतो तोही. तिला इंग्रजी येत नाही. ते कोण आहेत, कुठले आहेत, हे मी काहीच सांगितले नव्हते. तिने दोन्ही प्रसंग शेवटपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "म्हातारं कशापायी रडतंय ते कळलं मला." नंतर तिने विचारले की त्या तरुण पोराला तरी पोटभर मिळाले का. मी म्हणालो, हो, म्हाताऱ्याने त्याला वाढले. तेव्हा तिने भ्रमणध्वनी माझ्या हातात दिला आणि भाकरी टाकायला आत गेली.